सादळ

डब्याचं झाकण उघडल्यावर सम्यकला आधी वाटलं, दोष ट्यूबलाइटचा असेल. कुवारबावला संध्याकाळी विजेचा दाब कमी झाला की ट्यूबचा उजेड हिरवट पडतो, भिंती हिरवट दिसतात, माणसं आजारी दिसतात. त्याने बोटाएवढी ती काचेची बाटली चिमटीत उचलली आणि खिडकीशी नेली. बाहेर श्रावणातला, दोन सरींमधला स्वच्छ उजेड होता आणि त्यात काही झाकलं जाण्यासारखं नव्हतं. बाटलीच्या तळाशी हिरवं पाणी होतं. जेमतेम थेंबभर. त्याच्या काठाने मोरचुदासारखा निळसर चोथा काचेला चिकटला होता. गेल्या रविवारी त्याच जागी सोनेरी तपकिरी तंतूंचा एक झुबका होता, नखावर मावेल एवढा, आणि त्या तंतूंत अडकलेले मधाच्या रंगाचे काही कण, मोहरीहूनही बारीक. त्याने बाटली तिरकी केली. पाणी एका बाजूला गेलं आणि सावकाश परत आलं. ओरडावंसं वाटलं नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, स्टेशनाच्या बाजूने गाडी उशिरा असल्याची घोषणा ऐकू आली, आणि हे सगळं त्याला फार नीट, एकेक करून ऐकू येत होतं. बुचाभोवती तो मेणासारखी एक पातळ पट्टी ताणून गुंडाळत असे. ती पट्टी आता सैल पडली होती, आणि ती सुटू नये म्हणून तिच्यावरून कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याचे वेढे घातले होते, शेवटी बारीक गाठ. तो दोरा तो ओळखत होता. त्याच्या शर्टाची बटणं त्याच दोऱ्याने शिवलेली होती.

घरात दोघंच. तो आणि आई. म्हणजे यात शोधण्यासारखं काही नव्हतं. तरीही तो बाटली हातात धरून खाटेवर बसला आणि काही वेळ त्याने मनाशी दुसऱ्या शक्यता मांडून पाहिल्या. बूच आपणच सैल लावलं असेल. डब्यातले दाणे लवकर ओले झाले असतील. हे दाणे म्हणजे सिलिका जेल, हवेतलं पाणी ओढून घेणारे निळे दाणे. ओले झाले की गुलाबी पडतात. दर रविवारी तो ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करत असे, शेंगदाणे भाजावेत तसे, मंद आचेवर, आणि आई ओट्याशी टेकून ते बघत असे. "एवढ्या निगुतीनं आमचे पोहे कोण भाजतो?" ती म्हणायची. आषाढ-श्रावणात या घरातली प्रत्येक वस्तू सादळत होती. काड्यापेटी मऊ पडायची, मीठ बरणीत पाझरायचं, त्याच्या प्रबंधाच्या कागदांना बुरशीचा वास येत होता, बाबांच्या जुन्या पट्ट्यावर पांढरा थर चढला होता. त्यात एक स्टीलचा डबा तेवढा कोरडा. सगळ्या रत्नागिरीत त्या डब्याएवढी कोरडी जागा दुसरी नसेल, असं त्याला कधीकधी वाटे, आणि त्या विचाराने त्याला बरं वाटे. आत्ता दाणे निळेच होते. चांगले गडद निळे. म्हणजे दाण्यांचा काही दोष नव्हता.

तोल्बाचाइट. हे नाव त्याने इथे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगून कुणाच्या जिभेवर बसलं असतं? तांबं आणि क्लोरीन, एवढ्या दोनच गोष्टींचं ते खनिज. कारखान्यात करता येतं, पण जमिनीत आपसूक तयार झालेलं फार थोड्या ठिकाणी सापडतं. रशियातल्या कामचाट्कामधल्या तोल्बाचिक ज्वालामुखीच्या उतारावर, लाव्हा थिजून काळा झाला तरी पोटात धगधगत असतो तिथे, जमिनीला भोकं पडलेली असतात आणि त्यांतून वायू वर येत असतो, इतका तापलेला की आत खुपसलेली काठी पेट घेते. त्या वायूत तांबं असतं. वर येताना वायू निवतो आणि भोकाच्या कडेला, आतल्या अंगाने, ते तांबं तंतूंच्या रूपाने धरतं. सोन्याचे केस उगवावेत तसं. पीएचडीच्या कामासाठी तिथे गेल्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा सम्यकच्या मास्कच्या काचेला घाम धरला होता आणि त्याला वाटलं होतं की हे आपण बघायला नको होतं, हे जमिनीचं खाजगी काहीतरी आहे. लुद्मिला बाई, त्याच्या मार्गदर्शक, साठी उलटलेल्या, गुडघ्यांवर रांगत त्या भोकापर्यंत गेल्या आणि लांब चिमट्याने त्यांनी एक झुबका उचलला. आधीच गरम करून ठेवलेली बाटली तिथेच तयार हवी. भोकातून बाटलीत, एका श्वासात. मध्ये धुक्याचा एक झोत आला तरी संपलं. तंतूंमध्ये तांब्याच्या आणि क्लोरीनच्या साखळ्या असतात, शेजारी शेजारी, पण एकमेकींना फार धरून नसतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरतं. एकेका तांब्याला दोन दोन रेणू येऊन चिकटतात, साखळ्या दूर सरतात, सोनेरीचं हिरवं-निळं होतं, आणि हवा दमट असेल तर तेही टिकत नाही, आपल्याच अंगच्या पाण्यात विरघळून जातं. पुन्हा तापवलं तर पाणी निघून जातं. रंगही साधारण परत येतो. पण ती तपकिरी भुकटी असते. ते तंतू, तो स्फटिक, परत येत नाही. "याला आठवण नसते," बाई म्हणाल्या होत्या त्यांच्या तुटक इंग्रजीत, आणि मग स्वतःच हसल्या होत्या, कारण शास्त्रात असं बोलायचं नसतं.

आणि ते मधाच्या रंगाचे कण. ते तोल्बाचाइट नव्हते. ते काय होते हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथल्या विद्यापीठात परत आल्यावर क्ष-किरणांखाली एकच मोजणी झाली, तीही अर्धवट, आणि जे आलं ते कशाशीच जुळेना. जगातल्या ज्ञात खनिजांच्या सगळ्या याद्यांशी त्याने ते ताडून पाहिलं. जुळेना. नंतर यंत्राचा एक भाग बिघडला, युद्धामुळे तो भाग बाहेरून येईना, शिष्यवृत्ती संपली, बाई आजारी पडल्या. निघताना त्यांनी बाटली त्याच्या हातात दिली. इथे ठेवून उपयोग नाही, म्हणाल्या, तुझ्याबरोबर ती निदान कुठेतरी जाईल. ती रत्नागिरीला आली. तो गेलं वर्षभर मारुती मंदिरजवळच्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होता, आणि फावल्या वेळात जगभरच्या प्रयोगशाळांना ईमेल पाठवत होता. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. गेल्या पंधरवड्यात पोलंडमधून एक उत्तर आलं. ऑक्टोबरात यंत्र मोकळं आहे, नमुना घेऊन ये, तुझी मोजणी खरी असेल तर हे नवीन खनिज आहे. त्याने ते उत्तर कितीदातरी वाचलं आणि आईला सांगितलं नाही. मोठ्या बहिणीला, दीपालीताईलाही नाही. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत भाऊजींनी त्याच्यासाठी शब्द टाकला होता, प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून, शिफ्टची नोकरी, राहायला कंपनीची खोली, शनिवारी घरी. तिथे उद्यापर्यंत कळवायचं होतं. तो नाही म्हणणार होता. नाही म्हणून टाकायचं आणि मगच आईला पोलंडचं सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं, कारण एखादी गोष्ट आधी सांगितली की ती मोडते असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं.

तो हिरवा थेंब त्याने पुन्हा एकदा तिरका करून पाहिला. त्यात ते कण असतीलच, विरघळलेले. जे जे त्या भोकाने घडवलं होतं ते सगळं याच थेंबात होतं, एक अणूही कुठे गेला नव्हता, आणि तरी आता काही उरलं नव्हतं. तांबं किती आणि क्लोरीन किती हे अजूनही काढता येईल. ते कसे बसले होते, कोण कोणाच्या शेजारी, कुठल्या कोनात, हे आता कधीच कुणाला कळणार नाही. बहुधा ते भोकही आता निवलं असेल. लाव्हा दर वर्षी थोडा थोडा थंड होतो, पाऊस आणि बर्फ आत शिरतं, एक दिवस वायू यायचा थांबतो. म्हणून तर थांबलो होतो आपण. पुढच्या वर्षी ते तिथे नसणार होतं म्हणून.

ते थांबणं. त्याच्या मनाने त्या जागेला वळसा घालून जायची सवय केली होती, घरात एखादी फरशी हलत असेल तर माणूस नकळत तिच्यावर पाय देत नाही तशी. पण आज वळसा घालायला जागा राहिली नव्हती. तिथल्या छावणीत उपग्रहाचा एक फोन होता. त्यावर ताईचा आवाज आला होता, खरखरत, मध्येच तुटत. बाबा पडले. रुळावर, गस्तीवर असताना. डोक्यात रक्तस्राव झालाय. सिव्हिलला आहेत. मधून मधून शुद्ध येते, तुझं नाव घेतात. बाबा कोकण रेल्वेत गँगमन. पावसाळ्यात उक्षी-भोकेच्या बाजूला डोंगर फोडून काढलेल्या कटिंगमधून चालत जायचं, वरून दरड आली आहे का, दगड रुळावर आहे का बघत, खांद्यावर ट्रॅकचं सामान, हातात बत्ती. आयुष्यभर ते दगडांवर पाळत ठेवून राहिले आणि शेवटी पडले ते शेवाळ्यावरून घसरून. फोन आला त्या दुपारी छावणीतून एक ट्रक खाली शहराकडे जाणार होता. त्यानंतरचा ट्रक आठवड्याने. ट्रक उभा होता, इंजिन चालू होतं, ड्रायव्हर सिगारेट ओढत त्याच्याकडे बघत होता. शहरातून विमान, मग मॉस्को, मग दिल्ली, मग मुंबई, मग रत्नागिरी. पोचलो असतो का? हा हिशेब त्याने नंतर इतक्या वेळा केला होता की त्यातल्या विमानांच्या वेळा त्याला पाठ झाल्या होत्या. कधी पोचला असता, कधी नसता. पण त्या दुपारी त्याने हिशेब केलाच नव्हता. त्याने फक्त उताराकडे पाहिलं होतं, वाफा येत होत्या तिकडे. आदल्या दिवशी त्यांना ते नवं भोक सापडलं होतं आणि बाईंना एकट्याने तिथे जाणं झेपणार नव्हतं. बाई म्हणाल्या, जा. त्या खरंच म्हणाल्या होत्या, जा. ट्रक गेला. दोन दिवसांनी त्याला ते कण सापडले. तो आनंदाने ओरडला, मास्कमध्येच, त्याचा आवाज त्यालाच विचित्र ऐकू आला. छावणीत परतला तर फोन येऊन गेला होता.

ताईने अग्नी दिला. नंतरच्या, बौद्ध रीतीच्या जलदानविधीलाही तो नव्हता. आला तो पुढच्या वर्षी, सुट्टीत, आणि आई स्टेशनवर उभी होती, हिरव्या काठाचं पातळ नेसून, आणि तिने त्याला काही विचारलं नाही. रागावली असती तर काही बोलता आलं असतं. उलट तिनेच सगळं जुळवून ठेवलं होतं. विहारात, वाडीत, शाळेत जिथे ती मुलांची खिचडी शिजवायची तिथे, तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या पोराचं काम असं हाय की टाकून येता येत नाय. त्याच्या बाबांचं कसं व्हतं? दीपाली झाली त्या रात्री पाऊस कोसळत व्हता, हे गस्तीवर. गाडीत शेकडो माणसं झोपलेली असतात, त्यांना टाकून येतील काय? तसंच ह्याचं. त्यांना कळलं असतं. त्यांनी म्हटलं असतं, राहा पोरा. ती हे इतक्या खात्रीने बोलायची की सम्यकलाही हळूहळू ते खरं वाटू लागलं होतं. निदान एवढं खरं की काम मोठं ठरलं पाहिजे. ते मोठं ठरलं की तो ट्रक गेला हेही ठीक ठरेल. त्या डब्यात तो नुसतं खनिज सांभाळत नव्हता, हे त्याला आत्ता, हिरव्या पाण्याकडे बघताना कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

"समू, जेवायला ये," आतून आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, पण नेहमीपेक्षा थोडा लवकर. सात वाजायचे होते.

त्याने बाटली डब्यात ठेवली, झाकण लावलं. झाकण कशाला लावलं असं त्याला वाटलं. मधल्या खोलीतून जाताना भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या खाली बाबांचा फोटो, रेल्वेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, म्हणून थोडा धूसर. फोटोला आज चाफ्याचा हार होता. सकाळी दोघांनी मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हटलं होतं आणि तो क्लासला निघून गेला होता. आज बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.

आईने ताट वाढलं होतं. वरण-भात, दुधीची भाजी, आणि वाटीत खीर, बाबांना आवडायची म्हणून. ती डाव्या हाताने वाढत होती. उजवा हात पदरात.

"हात बघू," तो म्हणाला.

"काय नाय हाताला. भांड्यांची घासणी लागली."

"आई, हात दाखव."

तिने हात पदरातून काढला पण मूठ उघडेना. मग उघडली. तळहाताच्या रेषांमध्ये हिरवा रंग भरला होता, बारीक, कोरून काढावा तसा. तिने तो बराच घासला असावा, कारण बाकीचा तळवा लाल झाला होता. त्याने तिचा हात धरून नळाखाली नेला आणि पाणी सोडलं. तिने हात ओढून घेतला नाही.

"चुरचुरतंय?"

"मगाशी चुरचुरत व्हतं. आता नाय." आणि मग, पाणी वाहत असतानाच, "मीच उघडलं, समू."

त्याने नळ आणखी थोडा सोडला.

"तू गेलास सकाळी. मी त्यांच्या फोटोसमोर बसलेली. म्हटलं, एवढी वर्षं झाली, आपल्या पोरानं काय आणलंन ते ना ह्यांनी बघितलानी, ना मी बघितलं. तू दाखवत नायस. मी एकदा म्हटलं तुला, तर म्हणालास दाखवण्यासारखं नाय." तिने नळ बंद केला. "म्हटलं एकदा दाखवते ह्यांना आणि हाय तसं ठेवते. सांगितलं त्यांना, बघा, ह्याच्यासाठी थांबला व्हता तो."

बाहेर पुन्हा सर आली. पत्र्यावर तिचा आवाज इतका मोठा होता की आईला थांबावं लागलं. ती थांबली, आणि पावसाचा जोर कमी झाल्यावर पुढे बोलू लागली, आता जरा वेगळ्या, कोवळ्या आवाजात.

"काय सुंदर व्हतं रे ते. मक्याच्या कणसाला शेंडी असते ना, तशी. पण सोन्याची. आणि आत ते तांबूस दाणे, डाळिंबाचं बी बारीक करून टाकल्यासारखे. हातावर घेतलं तर वजनच नाय. फोटोजवळ नेलं असं हाताने. तर बघता बघता टोकाकडनं हिरवं व्हायला लागलं. मला वाटलं माझ्या हाताचा घाम लागला. म्हणून फुंकर मारली..." ती अडखळली. "फुंकर मारली तर आणखीच झालं. मग मी परत बाटलीत भरलं. पण तवर पाणीच."

फुंकर. आईच्या तोंडची ओली, ऊबदार फुंकर. ती त्याला दिसली. लहानपणी गुडघा फुटला की ती अशीच फुंकर मारायची, आणि आता तिने ते कण वाचवायला फुंकर मारली होती. तिने ते बघितले होते. त्याच्याखेरीज आणि लुद्मिला बाईंखेरीज जगात ते बघितलेलं माणूस आता तीच. आत्ता तोंड उघडलं तर काय होईल हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तो म्हणेल, तू काय केलंस तुला माहीत आहे का. तो म्हणेल, ऑक्टोबरात मी जाणार होतो. तो म्हणेल, बाबांच्या बदल्यात मला तेवढंच मिळालं होतं. आणि आई हे सगळं ऐकेल, शाळेत जाईल, खिचडी शिजवेल, आणि त्या हिरव्या रेषा हातावरून गेल्यानंतरही उरलेलं आयुष्य त्या हाताकडे बघत राहील.

"ते परत होईल काय?" आई विचारत होती. "तू ते दाणे भाजतोस ना, निळे होतात परत. तसं हे मी मंद आचेवर..."

"आई, काही नव्हतं ते."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"खरंच. तांब्याचं मीठ असतं ते. साधं."

"मग तू एवढं जपत व्हतास ते?"

"सवय. तिकडून आणलेलं म्हणून ठेवलं होतं. आठवण म्हणून." त्याला आपला आवाज हलका, सहज ऐकू आला आणि आश्चर्य वाटलं. "लोट्याला कंपनीत पिंपं भरून असतं हे. भाऊजींना विचार हवं तर. त्यांच्या प्लांटमध्ये वापरतात."

"पिंपं भरून?"

"मोठाली. निळी पिंपं असतात ना, तसली."

"खरं सांगतोस? माझी शपथ?"

"खरं. मी उद्या कळवणारच आहे त्यांना, येतो म्हणून. मग दर शनिवारी अंगावर घेऊन येईन बघ. कपडे धुऊन कंटाळशील."

आई खाली बसली. पाटावर नाही, तशीच फरशीवर, आणि हसायला लागली. पदर तोंडाशी धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "सकाळपास्नं माझा जीव गेला रे," ती म्हणाली. "घास उतरला नाय. म्हटलं पोराची एवढ्या वर्षांची मेहनत मी हातावर घेऊन घालवली. दीपालीला फोन लावणार व्हती, पण म्हटलं काय सांगू तिला." तिने डोळे पुसले. "मेल्या, आधी सांगायचं नायस? आणि लोट्याला जातोस म्हणजे चांगलंच. जवळ राहशील. बस तू, जेव."

तो पाटावर बसला. हे झालं, त्याच्या मनात आलं. एवढंच करायचं होतं. आतून त्याला रिकामं वाटत होतं आणि ते रिकामेपण इतकं सपाट होतं की त्यात दुखण्यालाही कुठे टेकायला जागा नव्हती. त्याने म्हटलेलं पूर्ण खोटंही नव्हतं. सूत्र तेच. पिंपातली तपकिरी भुकटी आणि भोकाच्या काठचे तंतू, दोन्ही तांबं आणि क्लोरीन. फरक फक्त त्या कणांचा, आणि ते कधीकाळी होते याला आता त्या अर्धवट मोजणीपलीकडे पुरावा नाही. पोलंडला कळवावं लागेल. लुद्मिला बाईंना कळवायचं का? त्या अजून असतील का? त्याने भात कालवला. वरणात मीठ बरोबर होतं. आई समोर बसली होती, पळी हातात घेऊन, त्याला आणखी वाढायला. तिने स्वतःसाठी अजून वाढून घेतलं नव्हतं. ती पावसाकडे बघत होती, मागच्या दाराबाहेर, आणि तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून होतं. मग ते हळूहळू, कुणी काढून घेतल्यासारखं नाही, नुसतंच विसरल्यासारखं, गेलं.

"म्हंजे लोट्यालाच असतं ते," ती म्हणाली.

"हो."

"इथं. खेडच्या अलीकडं."

"हो, आई."

तिने पळी वरणात घातली, ढवळली, तशीच ठेवली. ती काही मनाशी लावून बघत होती. त्याला तिच्या कपाळावरून ते दिसत होतं आणि काय येणार हे कळायच्या आधीच त्याचा हात ताटात थांबला.

"मग तेव्हा यायला काय झालं व्हतं, समू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तर असेल असं समजूनच ती विचारत होती. पोरगा शिकलेला आहे, त्याच्याकडे उत्तर असतं. ती वाट बघत होती.

खरं उत्तर होतं. ते जवळच होतं, जिभेवर. ते सांगितलं की तिला कळेल की तो उगाच थांबला नव्हता, आणि त्याच क्षणी तिला हेही कळेल की आज सकाळी तिच्या तळहातावर काय विरघळलं. दोन्हींतलं एकच तेवढं तिला देता येत नव्हतं. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, पळीवरच्या, त्या हिरव्या रेषांकडे.

"येता आलं असतं," तो म्हणाला.

आईने मान हलवली. एकदाच. ऐकलं, एवढंच सांगण्यापुरती.

"ते तुझं नाव घेत व्हते," ती म्हणाली. "मी त्यांना सांगत व्हती, त्याचं काम मोठं हाय. दर वेळी डोळे उघडले की विचारत, आला काय. मी सांगायची, त्याचं काम मोठं हाय हो." ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावून. "खीर हाय वाटीत. आणखी लागलं तर वाढून घे तुझं तू."

ती मधल्या खोलीत गेली. तिने दिवा लावला नाही. पळी तिच्या हातातच गेली होती, तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. पाऊस थांबला होता, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायला हवं होतं. फोटोपुढे बसली की ती नेहमी काहीतरी बोलायची, दिवसभराचं, शाळेतलं, भाजीचं, त्याचं. सम्यक हात ताटात धरून ऐकत राहिला. ती त्यांना आता काय सांगेल हे त्याला ऐकायचं होतं. बराच वेळ गेला. आतून एक शब्द आला नाही.